चावी आधी, वकीलपत्र नंतर

ठाण्यात खोपटला एसटी डेपोच्या समोर, झेरॉक्सच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर सरांचं ऑफिस होतं. वकिलाकडे असतात तशी जाड पुस्तकं आणि फाइलींचे ढीग तिथेही होते. पण येणाऱ्याची नजर आधी डाव्या भिंतीवर जायची. तिथे एका लांब फळीवर ओळीने खिळे ठोकले होते आणि जवळजवळ प्रत्येक खिळ्याला एक चावी लटकत होती. बाइकच्या, स्कूटरच्या, रिक्षाच्या, एखादी ऐटबाज मोटारीची. प्रत्येक चावीला दोऱ्याने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला आणि त्यावर खटल्याचा नंबर.

नवीन अशील आला की सर त्याला 'बसा' म्हणायच्या आधी हात पुढे करायचे.

"चावी."

"कसली?"

"ज्या गाडीवर पकडलं तिची. खटला संपेपर्यंत ती इथे राहील. चावी आधी, वकीलपत्र नंतर."

"अहो साहेब, मी वकील करायला आलोय. गाडी गहाण ठेवायला नाही."

"मग जिना उतरा आणि उजवीकडे वळा. तिथे दोन वकील बसतात. चांगले आहेत."

निम्मे लोक खरंच जिना उतरायचे. त्यातले बरेचसे अर्ध्या तासात परत यायचे, कारण दारू पिऊन गाडी चालवल्याच्या खटल्यात सरांइतकं बारीक वाचणारा माणूस ठाण्यात नव्हता आणि कल्याणातही नव्हता, हे ते दोन वकीलच सांगायचे. माणूस तोंड पाडून चावी टेबलावर ठेवायचा. सर ती उचलायचे नाहीत.

"दुसरी?"

"दुसरी कुठली?"

"प्रत्येक गाडीबरोबर दोन चाव्या येतात, चिरंजीव."

मी त्यांच्याकडे ज्युनिअर म्हणून गेले तेव्हा हे मला काहीच माहीत नव्हतं. सनद मिळून सहा महिने झाले होते. मी ज्या वकिलांकडे गेले त्यांतल्या कुणाला शिफारस हवी होती, कुणाला 'मुलगी उशिरापर्यंत थांबेल का' याची चिंता होती. सरांनी एकच विचारलं, "पोलिसांचं अक्षर वाचता येतं?" मी हो म्हटल्यावर त्यांनी एक पंचनामा पुढे टाकला. मी तो अडखळत का होईना, शेवटपर्यंत वाचला. "उद्यापासून ये."

तिसऱ्या दिवशी मला कळलं की या ऑफिसातले दहातले नऊ खटले दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांचे आहेत, आणि माझं डोकं फिरलं.

माझी आई आमच्या वॉर्डात दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून लढलेली बाई आहे. उभी बाटली की आडवी बाटली असं मतदान झालं, तेव्हा आडव्या बाटलीसाठी तिने कल्याण पश्चिमेतल्या चाळी आणि सोसायट्या पायी पालथ्या घातल्या होत्या. पत्रकं ती स्वतः लिहायची. मी अक्षरं जोडायला शिकले ती तिच्या पत्रकांवर. उरलेल्या गठ्ठ्यातली पत्रकं आम्ही जेवायला बसताना ताटाखाली घालायचो. भाताच्या वाफेने शाई सुटायची आणि ताटाच्या बुडाला 'दारू' हा शब्द उलटा उमटायचा. अशा घरातली मुलगी मी, आणि माझी सनद दारुड्यांना सोडवायला वापरली जाणार होती.

"सर, आपण या लोकांना का सोडवतो?" आईच्या पत्रकांचं सगळं सांगून मी विचारलं. "यातला एखादा उद्या कुणाला तरी उडवेल."

"कशाने?" त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "गाडी तर माझ्याकडे आहे."

"ही पळवाट झाली."

"बरं, मग वाट सांगतो. पोलिसाने घाईत चुकीचा कागद केला आणि आपण गप्प बसलो, तर उद्या तो एक थेंब न प्यायलेल्याचाही कागद तसाच करेल. मी पिणाऱ्याची बाजू घेत नाही. मी कागद तपासतो. पत्रकात हे बसत नाही, मला ठाऊक आहे. पत्रकात जागा कमी असते."

तेव्हापासून मी त्यांची 'पत्रकबाई' झाले.

मी चिडून शेवटचा बाण सोडला. "तुम्ही स्वतः पिता का?"

"रोज. दोन पेग, घरी, जेवणाआधी. म्हणून तर माझ्याकडे आयुष्यात सायकलसुद्धा नाही."

हे खरं होतं. कल्याणच्या तारखेला ते डेपोतून एसटीने जायचे. अंगात काळा कोट, पायात रबरी स्लिपर आणि हातात भाजीची पिशवी, तिच्यात काळे बूट. बूट कोर्टाच्या व्हरांड्यात पोचल्यावर चढायचे. गाडीत शिरताना ते आधी ड्रायव्हरपाशी वाकून अतिशय आदराने विचारायचे, "नमस्कार. झोप झाली का?" नवे ड्रायव्हर चमकून बघायचे. जुने म्हणायचे, "झाली हो वकीलसाहेब, बसा निवांत." मग ते त्याच्या मागच्याच सीटवर बसायचे आणि कल्याण येईपर्यंत पंचनामा वाचायचे.

"अशिलाचं तोंड नंतर बघ," ते मला सांगायचे, "आधी कागदावरची वेळ बघ." किती वाजता अडवलं, किती वाजता मशीनमध्ये फुंकायला लावलं, किती वाजता रक्त घेतलं. अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली का? फुंकायची नळी नवी होती का? रक्ताच्या बाटलीवरचं सील आणि प्रयोगशाळेतल्या नोंदीतलं सील जुळतं का? हे बचाव ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण त्यांच्यावर माणसं सुटायची, आणि तीच गोष्ट मला रात्री झोपू द्यायची नाही.

सरांचा खरा राग दारूवर नव्हता, एका शब्दावर होता. 'कबूल.' आपल्याकडे पहिल्यांदा पकडलेला माणूस कोर्टात येतो तो कामावर अर्धी रजा टाकून. व्हरांड्यात कुणीतरी सांगतं, कबूल करा आणि मोकळे व्हा. तो पिंजऱ्यात उभा राहतो, 'कबूल' म्हणतो, दंड भरतो आणि दुपारच्या पाळीला हजर होतो. घरी सांगतो, पावती फाडून मिटवलं.

"पावती नव्हे ती!" सर टेबलावर हात आपटायचे. "शिक्षा आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्याला दोन वर्षांपर्यंत. आणि लायसन्स जातं ते वेगळंच. कबूल म्हणायचं असेल तर जरूर म्हण, पण काय कबूल करतोयस ते आधी कळू दे!"

दुसऱ्यांदा पकडलेल्यांसाठी त्यांचा आणखी एक नियम होता. ठाण्यात मोटार अपघातांच्या नुकसानभरपाईचे दावे चालतात, त्या कोर्टात या माणसाने एक अख्खा दिवस शेवटच्या बाकावर बसायचं. डबा घेऊन जायचं, फोन बंद ठेवायचा, आणि संध्याकाळी येऊन काय ऐकलं ते सांगायचं. तोपर्यंत वकीलपत्रावर सही नाही. एकदा घोडबंदर रोडवरचा एक बांधकामवाल्याचा मुलगा आला होता. हातात कडं, डोळ्यांवर गॉगल. "साहेब, फी डबल घ्या, पण हे शाळेसारखं बसवू नका." सरांनी त्याला घड्याळ दाखवलं, कोर्ट बसायची वेळ झाली होती. संध्याकाळी तो परत आला तेव्हा गॉगल खिशात होता.

"काय ऐकलंस?"

"एक बाई होती," तो म्हणाला. "तिला विचारत होते, नवरा घरात महिन्याला किती द्यायचा. तिला सांगताच येईना. परत परत तेच. शेवटी म्हणाली, लागेल तसे द्यायचा."

"मग?"

"मग काय नाय." मग खिशातून त्याने मोटारीची दुसरी चावी काढून टेबलावर ठेवली. सकाळी त्याने ती हरवलीय म्हणून सांगितलं होतं.

त्या दिवसापासून मी सरांशी भांडणं कमी केलं. पूर्ण थांबवलं नाही. सर्वच गोष्टी एका बाईच्या उत्तराने सुटत नाहीत, असं माझं आजही मत आहे.

मग आमच्याच घरातला कागद त्यांच्या टेबलावर आला.

माझा दादा डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कंपनीची स्टाफ बस चालवायचा. बस चालवताना त्याने कधी थेंबाला हात लावला नाही, पण सुट्टीच्या दिवशी मित्रांत बसायचा. मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असताना तो स्कूटरवर पकडला गेला. प्यायला होता, यात शंकाच नव्हती. तो घाबरून मला विचारायला आला आणि मी आईच्या पत्रकासारखी ताठ उभी राहिले. "प्यायलास ना? मग कबूल कर. खोटं बोलून सुटायचं नाही." त्याने कबूल केलं. दंड भरला, सहा महिने लायसन्स गेलं, तेवढे महिने त्याने कंपनीत माल चढवायचं काम केलं. आईने त्याच्याकडून वचन घेतलं, की प्यायल्यावर गाडीवर बसणार नाही. पिणार नाही असं वचन त्याने दिलं नाही. खोटं कशाला देऊ, म्हणाला.

सव्वादोन वर्षांनी, गटारीच्या रविवारी, भर दुपारी शहाडच्या उड्डाणपुलावर नाकाबंदी होती. दादा पलीकडे मोहन्याला मित्राकडे गेला होता. पुन्हा स्कूटर, पुन्हा मशीन, पुन्हा आकडा मर्यादेच्या वर.

"मी चालवत नव्हतो," तो घरी येऊन म्हणाला. "ढकलत होतो."

"काय?"

"अगं, प्यायलेलो ना. आईला बोललेलो की बसणार नाही. पण पहाटे पाचला बसवर जायचं, स्कूटर लागणारच. म्हणून ढकलत निघालो."

"मोहन्यापासून? त्या चढावर?"

"हो."

आई इतकंच म्हणाली, "गावभरच्या बाटल्या आडव्या केल्या मी. घरातलीच राहिली." आणि ती आत गेली. मी दादाकडे बघितलं आणि मला सरांच्या ऑफिसात वर्षभर ऐकलेली सगळी वाक्यं आठवली. फक्त सरबत होतं, साहेब. खोकल्याचं औषध घेतलं होतं. मित्राची गाडी सरळ करत होतो. 'ढकलत होतो' हे वाक्य त्या ओळीत अगदी चपखल बसत होतं. मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. तसं बोलले नाही, पण त्याला ते कळलं.

सरांनी त्याचीही चावी घेतली. त्यालाही दिवसभर दावे ऐकायला बसवलं. भाऊ कुणाचाही असो. मग कागद वाचता वाचता विचारलं, "पहिल्या वेळी कबूल कर म्हणून याला कुणी सांगितलं?"

"मी."

त्यांनी कागद खाली ठेवला. मला वाटलं, आता टेबल वाजणार.

"बरोबर सांगितलंस," ते म्हणाले. "पण त्याच्यापुढचं का नाही सांगितलंस? की आता याच्यानंतर दुसरी चूक दोन वर्षांची आहे?"

पहिल्या निकालाची नक्कल आरोपपत्राला जोडलेली होती. दादा तुरुंगात गेला असता, तर पहिली पायरी मीच बांधून दिली होती.

बचाव तसा हाताशी होता. अटक दुपारी अडीचची आणि रक्त घेतल्याची वेळ संध्याकाळी पावणेसहाची. सव्वातीन तास. ज्या मुद्द्यावर मी इतके दिवस सरांशी भांडत होते, त्याच मुद्द्यावर मी आता देव पाण्यात घालून बसले होते. हवालदाराची उलटतपासणी होती त्या सकाळी कल्याण कोर्टाच्या व्हरांड्यात सर बूट चढवत होते.

"मी त्याला ढकलण्याबद्दल विचारणार आहे," ते म्हणाले.

"नको! सर, तो 'चालवत होता' म्हणाला तर? कागदावर तसंच आहे. मग न्यायाधीशांच्या मनात ते पक्कं बसेल आणि मशीनच्या आकड्याची पट्टी तर फाइलीत आहेच. ज्याचं उत्तर माहीत नाही तो प्रश्न विचारायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं."

"मग वेळेवर बोला ना. फक्त वेळेवर!"

"काय गं पत्रकबाई, आज तूच पळवाट दाखवतेस?" त्यांनी बुटाची नाडी आवळली. "हा निर्णय माझा नाही, तुझाही नाही. चिरंजीव, इकडे या. तुम्ही सांगा."

दादा भिंतीला टेकून उभा होता. चार महिन्यांत गालफडं बसली होती त्याची. "विचारा साहेब," तो म्हणाला. "मी ढकलतच होतो."

"दादा, दोन वर्षं—"

"माहितीये मला. पण घरात कुणी मला विचारलंच नाय नीट. इथं तरी विचारू दे."

हवालदार निवृत्तीला आलेला, थकलेल्या चेहऱ्याचा माणूस होता. सरकारी वकिलांनी त्याच्याकडून छापील कागद वाचून घेतला, 'वाहन चालवत असताना मिळून आला'. मग सर उठले. नाकाबंदी कुठे होती, ऊन किती होतं, असं काहीबाही विचारत राहिले. पुलाच्या माथ्यावर उभे होतो, असं हवालदार म्हणाला. मग सर थांबले.

"हा माणूस तुम्हाला पहिल्यांदा दिसला, तेव्हा कुठे होता?"

"चढावर."

"स्कूटरवर बसलेला होता?"

हवालदाराने सरकारी वकिलांकडे बघितलं. मग दादाकडे बघितलं. मी बाकाची कड घट्ट धरली होती.

"नाही साहेब. खाली होता. ढकलत होता."

"इंजिन?"

"बंद."

"चालू करायचा प्रयत्न करत होता का?"

"छे. घामाघूम झालेला. मला वाटलं पेट्रोल संपलंय याचं. हात लावावा म्हणून खाली गेलो, तर वास आला."

न्यायाधीश बाईंनी लिहिणं थांबवलं. "मग तुम्ही 'चालवत असताना' असं का लिहिलंत?"

"मॅडम, ते छापलेलंच असतं. आम्ही नाव आणि गाडीचा नंबर भरतो."

"आणि आजपर्यंत हे सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलं नाही, मॅडम," तो अगदी सरळपणे म्हणाला.

दादा आता सुटणार, हे मला त्या क्षणी सुचलंही नाही. दादा खोटं बोलला नव्हता, इतकंच सुचलं. चार महिने छातीवर धोंडा होता आणि मला वाटत होतं तो तुरुंगाच्या भीतीचा आहे. तो तुरुंगाचा नव्हताच. मी मान खाली घातली आणि पोटभर श्वास घेतला.

मी बाहेर येऊन आईला फोन केला. ती दोनदा म्हणाली, "ढकलत होता? खरंच ढकलत होता?" आणि मग बराच वेळ नुसता कुकरच्या शिट्ट्यांचा आवाज येत राहिला.

निकाल पुढच्या तारखेला लागला. निर्दोष. सरांनी उशिरा घेतलेल्या रक्ताचा मुद्दाही मांडला होता, पण निकालात पहिलं वाक्य ढकलण्याचंच होतं. दारू पिऊन गाडी चालवणं हा गुन्हा आहे, चालवायचा प्रयत्नही गुन्हा आहे. बंद स्कूटर हाताने ढकलत घरी नेणं हा नाही.

पुढे मी स्वतःची वकिली सुरू केली आणि सरांनी ऑफिस बंद केलं. ते आता मुलीकडे असतात, कानाला यंत्र लावतात. पण मला ते आठवतात ते त्या निकालाच्या दिवशी, व्हरांड्यात एक बूट काढून हातात धरलेले. दादा त्यांच्या पाया पडायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"एक सांगू, साहेब? कोर्टात विचारलं नाय म्हणून बोललो नाय."

"बोल."

"माझे पाय गेलेले तेव्हा. चढ चढता चढताच ठरवलेलं, माथ्यावर पोचलो की बसायचं. पुढे सगळा उतारच ना, कोण बघतंय. वर पोचायच्या आधीच हे हवालदार खाली आले."

त्या उतारावर दादा बसला असता तर काय झालं असतं, ते माझ्या डोळ्यांपुढे पुरतं उभं राहिलं, आणि ते झालं नाही या एका गोष्टीने मला इतकं हायसं वाटलं, की त्या दिवसाच्या निकालानेही तेवढं वाटलं नव्हतं.

सर हसायला लागले. मी त्यांना एवढं मोठ्याने हसताना कधी बघितलं नव्हतं. आयुष्यभर नाकाबंदीच्या कागदांतल्या चुका काढलेला माणूस, हातातला बूट हलवत म्हणाला, "मग नाकाबंदी कशासाठी असते असं वाटलं तुला? जा. तो हवालदार आज दुसऱ्या खटल्याच्या तारखेला आलाय, जिन्यापाशी उभा आहे. त्याला जाऊन सांग हे."

दादा खरंच गेला. हवालदार आधी दचकून मागे सरला. भांडायला आलाय असं वाटलं असेल त्याला. मग त्याने दादाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि त्याच्या पाठीवर अशी थाप मारली, की आवाज आमच्यापर्यंत आला.